पाच फुल, तीन हाफ

आदल्या दिवशी दुपारी बाबा वाटाणे सोलत होते.

फोन स्पीकरवर टाकून त्यांनी तो पेपरावर ठेवला होता. शेजारी स्टीलचं ताट आणि मांडीत टरफलांची पिशवी, कारण रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत चहाच्या सुमारास एक गाय येते आणि तिला बाबांचंच फाटक माहीत आहे. आई आणि मी नुकत्याच सदर बाजारातून आलो होतो. पंधरवड्यानं त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. आईनं स्वतःसाठी मोतिया रंगाची साडी घेतली होती आणि ती बाबांना न दाखवता कपाटात ठेवायला ती आत गेली होती.

"पाच फुल, तीन हाफ," येणाऱ्या घरच्यांसाठी हॉटेलात खोल्या ठरवताना बाबा फोनला सांगत होते.

"फुल-हाफ मतलब, अंकलजी?"

"पाच बड़े, तीन बच्चे."

"बच्चे छोटे हैं?"

"हव, छोटे हैं."

मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "बाबा, दादाचा विशाल बावीस वर्षांचा आहे. सहा फूट उंच आहे. निधी पुढच्या वर्षी मत द्यायला जाईल."

त्यांनी फोनवर पंजा झाकला. "माझे नातू मी त्या माणसाले मोठे सांगू काय?"

"माझ्या अश्विनला मिसरूड फुटली, बाबा."

"तू थांब. मले सांगू नको."

त्यांना खरंच सांगायची सोय नव्हती. बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात गेली. कोणी कुठे झोपायचं, हा एकच प्रश्न माणसानं नीट सोडवण्यासारखा आहे, असं त्यांचं मत झालं होतं. घरात लग्नकार्य निघालं की हॉलमध्ये गाद्या टाकून ते रेल्वेचा डबा लावायचे. म्हातारी माणसं लोअर बर्थ, म्हणजे पलंग. पोट्टे अप्पर, म्हणजे गच्ची. नवा जावई साइड लोअर, म्हणजे खिडकीजवळची हवेशीर जागा, पण पाय मुडपून. एकदा चार्ट बनला की तो बदलायचा नाही. बाबांचे धाकटे भाऊ नरहरीकाका एका लग्नात शेजारच्याच्या घोरण्यामुळे जागा बदलून मागायला आले होते, तेव्हा बाबांनी त्यांना परत पाठवलं होतं. शेजारचा माणूस दुसऱ्या दिवशी काकांच्या घोरण्याची तक्रार घेऊन आला, त्यालाही पाठवलं.

"और एक बात ध्यान में रखो, भैय्यालालजी," ते फोनला म्हणाले. "चार्ट बन गया. अब कोई भी आके बोले, मेरा बेटा बोले, मेरा भाई बोले, कि ये बदल दो, वो बदल दो, तो बदलना मत. बदलूँगा तो मैं बदलूँगा."

"बिलकुल, अंकलजी. आप बोलेंगे तभी."

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "याले म्हणतात मॅनेजर," ते म्हणाले.

रात्री वाटाण्याच्या भाजीत मीठ थोडं जास्त झालं होतं. बाबांनी तसं सांगितलं, आईनं पुढच्या वेळी तुम्हीच टाका म्हटलं, आणि आम्ही जेवलो. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला काही आठवत नाही. लक्ष ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करायला मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. आई चहा घेऊन गेली तेव्हा त्यांच्या एका गालावर फेस तसाच होता.

*

त्यानंतर जे करायचं असतं ते सगळं झालं. मी त्यातलं बरंच केलं. डॉक्टरांना आणलं, शेजाऱ्यांकडून सतरंज्या आणल्या, आईला चार घास खाऊ घातले. फक्त कळवण्याचं काम मी केलं नाही. शेखरदादा नागपूरहून येईपर्यंत शेजारच्यांनी फोन केले, आल्यावर त्यानं केले. मी नंबर काढून द्यायची आणि तो बोलायला लागला की स्वयंपाकघरात जायची. ऑफिसला मी घरगुती कारणासाठी रजा मागितली. भोपाळहून एका मैत्रिणीनं सहज फोन करून आईबाबा कसे आहेत विचारलं, तेव्हा मी ठीक आहेत म्हणाले. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. ते वाक्य तोंडात यायचंच नाही. इतरांनी म्हटलेलं ऐकू यायचं, समजायचं, पण माझ्याकडून ते निघत नव्हतं.

दहावं झालं. शेखरदादानं आणि नरहरीकाकांनी मुंडण केलं. तेरवीला माणसं यायची होती आणि घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत बाबांची खाट होती तिथे दिवा ठेवलेला, आई तिथेच चटईवर. दादाही तेरवीपर्यंत घरीच जमिनीवर झोपणार होता. बाकीच्यांना कुठे टाकायचं हा प्रश्न निघाल्यावर आईच म्हणाली, "त्यायनं करून ठेवलं आहे नं. फोन करून तारीख अलीकडे घ्या."

दादानं स्पीकरवर फोन केला. मी तेव्हा समोरच होते, आणि या वेळी उठून गेले नाही, कारण हॉटेलच्या माणसाला कळवायचं असतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"अरे, शेखर भैया! अंकलजी ने बताया था आपके बारे में," भैय्यालालजी म्हणाले. "तारीख कर देंगे, कोई दिक्कत नहीं. वैसे पूरा हॉटल फुल है. हमारे मालिक की भतीजी की शादी है ना. कल ही एक परिवार को मना किया, गमी वाले थे. मालिक ने साफ़ बोला है, शादी के घर में गमी वाली पार्टी नहीं ठहरेगी. आपका तो शुभ काम है, स्वर्ण जयंती. मालिक बोले, इनको तो सर-आँखों पर."

गमी म्हणजे सुतक; तेच सांगायला शेखरदादानं तोंड उघडलं होतं. मग त्यानं ते मिटलं, आणि म्हणाला, "जी. धन्यवाद."

"काहून नाही सांगतलं?" भावनावहिनीनं विचारलं.

"काय सांगू? लग्नाचे दिवस आहेत, साऱ्या रायपुरात एक खोली रिकामी नाही. काकांच्या गुडघ्यांले घेऊन फुटपाथवर झोपू काय?"

"पण खोटं बोलणं, तेही सुतकात," पद्मिनीकाकू म्हणाल्या. काकूंना सुतकातलं सगळं पाठ होतं.

"मी खोटं कुठी बोललो? मी फक्त धन्यवाद म्हटलं."

*

हॉटेल भनपुरीच्या बाजूला होतं, ट्रकांच्या ओळी संपतात तिथे. दाराला झेंडूची तोरणं, आत सनईची टेप. आणि स्वागतकक्षात, वधूवरांच्या फलकाशेजारी, दुसरा एक फलक होता. त्यावर दोन राजहंस, सोनेरी पन्नास, आणि आईबाबांचा फोटो. बाबांनी स्वतःच तो हॉटेलवाल्यांना पाठवलेला असणार. घरी त्याच फोटोतले बाबा कापून मोठे केले होते आणि त्याला हार होता. इथे फुगे होते.

आम्ही सगळे फलकासमोर उभे राहिलो. काकांनी सवयीनं हात जोडले आणि मग जोडलेल्या हातांचं काय करायचं ते न कळून चोळले, थंडी असल्यासारखे.

"अंकलजी नहीं आए?" भैय्यालालजी पन्नाशीचे, कपाळाला मोठा टिळा लावलेले गृहस्थ होते.

"पूजा में हैं," दादा म्हणाला.

"राजिम गए हैं, दर्शन को," त्याच वेळी काका म्हणाले.

"राजिम में पूजा है," निधी म्हणाली. बाबांची हजरजबाबी वृत्ती या घरात फक्त निधीकडे आली आहे.

भैय्यालालजींनी दादाच्या टोपीकडे आणि काकांच्या कानटोपीकडे पाहिलं. काकांनी ती काढून डोकं खाजवलं तेव्हा तुळतुळीत डोकं दिसलं.

"तिरुपति," भावनावहिनी म्हणाली.

"अरे वाह," भैय्यालालजी म्हणाले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या वऱ्हाड्यांना त्यांनी आमची तिरुपतीहून आलेलं कुटुंब म्हणून ओळख करून दिली. एका बाईंनी काकांच्या पाया पडून प्रसाद मागितला. काकूंनी पर्समधून खडीसाखर काढून दिली. त्यानंतर खोटेपणाबद्दल काकू फारसं बोलल्या नाहीत.

"और बच्चे?"

विशाल पुढे झाला. दाढी, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, सिमेंट कारखान्यातली नोकरी. "हम ही हैं."

भैय्यालालजी हसले. "नहीं भैया, छोटे वाले. तीन."

"वही तीन. मैं, ये मेरी बहन, और ये अश्विन."

"अंकलजी ने बोला था छोटे हैं." ते हसायचे थांबले. बाबांवरचा त्यांचा विश्वास आणि समोरचा विशाल यांची तुलना त्यांच्या चेहऱ्यावर चाललेली दिसत होती. विशाल हरला. "शायद पीछे से आ रहे होंगे. आप चलिए, बच्चों की पूरी व्यवस्था है."

*

व्यवस्था खरोखर पूर्ण होती.

वहिनीच्या खोलीत डबल बेडशेजारी एक लाल मोटारगाडी होती. चाकं, दिवे, पुढे नंबरप्लेट, आणि मध्ये जेमतेम पाटाएवढी गादी. दुसऱ्या बाजूला कठडेवाली पाळण्यासारखी खाट. माझ्या खोलीत तशीच आणखी एक, अस्वलांच्या चादरीची, आणि बाथरूमच्या दाराशी गुलाबी प्लॅस्टिकचं बाळांचं शौचपात्र. अश्विननं ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मम्मी, ये किसी को मत बताना."

"तू आणि मी डबल बेडवर झोपू."

"मैं पंद्रह का हूँ, मम्मी."

"मग?"

"मतलब नहीं." तो कठड्याच्या खाटेत उभा राहून खिडकीबाहेर बघू लागला. आजोबांच्या मृत्यूनंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच भांडला होता, त्याचं मला बरं वाटलं.

पुढचं भावनावहिनीनं मला नंतर सांगितलं, तिच्या पद्धतीनं, म्हणजे पदराशी चाळा करत आणि कोणाचंही नाव न घेता. तिला त्या खोलीत शिरल्यावर प्रथम बाबांचा रागच आला होता. पंचवीस वर्षं त्या माणसानं ती कुठे झोपेल ते ठरवलं होतं. नवी नवरी असताना सासू आणि नणंदेच्या मध्ये. पहिल्या बाळंतपणात कपाटाच्या आडोशाला. आता तो माणूस नाही, तरी ती त्याच्याच चार्टमध्ये होती, आणि तिचा कमावता मुलगा मोटारगाडीत गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता.

"उठ त्यातून," ती विशालला म्हणाली.

"मम्मी, लेट के देखता हूँ ना." त्यानं पाय बाहेर काढले. ते नंबरप्लेटच्या वरून लटकले. मग तो दोन्ही हातांनी तोंड झाकून पडून राहिला. तो हसतो आहे असं तिला वाटलं. निधी त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिनं त्याचा एक पाय धरून ठेवला. तेव्हा वहिनीचा राग गेला, म्हणाली, निदान बाबांवरचा.

दुपारी बैठक भरली, वहिनीच्या डबल बेडवर.

"सोपं आहे," काकू म्हणाल्या. "पोट्टे एका खोलीत, बाया एका खोलीत."

"म्हणजे मी, वहिनी आणि निधी एका बेडवर," मी म्हटलं.

"निधी आडवी झोपते," वहिनी म्हणाली. "पंख्यासारखी. अन् तुम्हाले लाइट लावून वाचाले लागते."

"मी नाही वाचणार."

"तुम्ही वाचसान, वन्सं."

"मीही येते म्हणते तुमच्यात," काकू म्हणाल्या. "यायच्या घोरण्यानं मले लागतच नाही झोप."

म्हणजे चार बायका एका बेडवर, आणि खालच्या मजल्यावर काका एकटे डबल बेडवर. अश्विननं हे मांडून दाखवलं. काकांचा अपमान झाला.

"माझ्याजवळ कोणी येतच नाही काय? विशाल, तू ये."

"छोटे दादाजी, मैं गाड़ी में ठीक हूँ," विशाल म्हणाला.

मग काकू आणि वहिनी एक झाल्या आणि मी वाचते हा मुद्दा मोठा झाला. निधी माझ्या बाजूनं बोलली, कारण तिला माझ्या खोलीत यायचं होतं. दादा घरून फोनवर होता. त्यानं सांगितलं, कोणीही कुठेही झोपा, पण आवाज खाली करा, आई ऐकून राहिली आहे. शेवटी एका गोष्टीवर एकमत झालं. तीन साध्या गाद्या मिळाल्या की भांडण संपेल.

मी खाली गेले.

"गद्दे तो हैं, दीदी," भैय्यालालजी म्हणाले. "पर बच्चों वाले पलंग हटाने पड़ेंगे. और अंकलजी ने बोल रखा है, कोई कुछ बदलने बोले तो नहीं बदलना. बेटा बोले, भाई बोले, तब भी नहीं. वो खुद बोलेंगे तो अभी हो जाएगा."

"मैं उनकी बेटी हूँ."

"हव, दीदी. इसीलिए तो." त्यांना वाईट वाटत होतं. "उनसे एक बार बात करा दीजिए ना."

मी काउंटरला धरून उभी राहिले. आता सांगितलं तर गाद्यांचा प्रश्न उरणार नव्हता, खोल्यांचाच उरणार नव्हता. एकीकडे काकांचे गुडघे होते, दुसरीकडे नवरीची हळद चालली होती. पण खरं सांगायचं तर मी त्याचा विचार करत नव्हते. मला एवढंच जाणवत होतं की या एका माणसाच्या दृष्टीनं बाबा राजिमला गेलेले आहेत. सगळ्या रायपुरात एवढं एकच काउंटर असं होतं.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"लीजिए! अंकलजी का ही फोन." त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर लिहिलं होतं, दिवाकर अंकलजी रेल्वे. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"भैय्यालालजी? दिवाकर बोल रहा हूँ."

तोच आवाज होता. खर्जात सुरू होणारा आणि नावाशी आल्यावर थोडा चढणारा, खिडकीमागून रांगेला ऐकू जावा असा.

"जी अंकलजी! दीदी यहीं खड़ी हैं."

पलीकडे कोणीतरी खाकरलं. मग आवाज म्हणाला, "अच्छा. रहने दो उसे. चार्ट में बदल है. तीनों हाफ को फुल कर दो. तीन गद्दे डाल दो."

"हो गया, अंकलजी. आवाज़ बैठी हुई है आपकी."

"हव. ठंड है."

"केक मँगवाया है, आज शाम का. आप और आंटीजी आएँगे ना? मालिक भी आशीर्वाद लेंगे."

"आएँगे," बाबांचा आवाज म्हणाला. "क्यों नहीं आएँगे?"

*

तळमजल्यावरच्या खोलीत काका न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसले होते. बाबांचा फोन हातात, विशाल आणि अश्विन दाराशी. कल्पना विशालची होती. बाबांचा फोन मी माझ्या खोलीत चार्जिंगला लावला होता, कारण त्यावर अजून लोक फोन करत होते, आणि अश्विननं तो आणून दिला होता.

काका आधी नाही म्हणाले होते. पाप लागीन, म्हणाले होते. लहानपणापासून सगळे त्यांना सांगायचे, तुझा आवाज थेट भावाचा. गोंदियाला त्यांच्या घरी बाबांचा फोन आला आणि दोघं बोलू लागले की काकू म्हणायच्या, एकटेच काय बडबडून राहिले. तर चला, एक वाक्य म्हणून टाकू, असं त्यांना वाटलं. पण पहिलं वाक्य बोलल्यावर दुसरं आपोआप आलं, आणि तिसरं तर भाऊच बोलला, असं ते मला म्हणाले.

"तुम्ही येतो काहून म्हटलं, काका?"

त्यांनी कानटोपी काढली. "तो केक म्हणाला, रुचि. भाऊ असता तं नाही म्हणाला असता काय? तूच सांग."

मी त्यांच्यावर रागवायला आले होते. त्यांच्या डोक्यावर वस्तऱ्याची एक बारीक जखम होती, तिच्याकडे बघत राहिले. काकांनी अंत्यविधीत, दहाव्याला, कुठेच डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. आता बादलीवर बसून ते फोन उलटासुलटा करत होते, आतून आणखी कोणी बोलेल अशा तऱ्हेनं.

"अब शाम को क्या करेंगे?" अश्विननं विचारलं.

"केक कापून खाऊन टाकू," विशाल म्हणाला. "दादाजींची तब्येत खराब झाली सांगू."

"काही सांगू नका," मी म्हणाले. "मी बघते."

मी काहीच बघितलं नाही. गाद्या आल्या, लाल मोटारगाडी दोन माणसांनी उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली, आणि मी घरी आईकडे गेले.

अश्विन माझ्यासोबत होता. त्यानं आजीला सगळं सांगितलं. म्हणजे फोनचं नाही, गाडीचं. विशालचे पाय कुठे आले ते त्यानं चटईवर झोपून दाखवलं. अस्वलांची चादर सांगितली. कोणाला सांगू नको म्हणालेलं ते गुलाबी शौचपात्रही सांगितलं.

आई हसली. आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "खरं काय? गाडीचा पलंग?"

"सच्ची, आजी. लाइट भी जलती है."

"मले पाहायचा आहे."

काकू तेव्हा उद्याच्या तांदळाचं बघायला घरीच आल्या होत्या. "वहिनी, तेरवी झाल्याशिवाय तुम्हाले घराबाहेर पडता येत नाही," त्या म्हणाल्या. "अन् दिव्याजवळ कोण बसीन?"

"तू बस," आई म्हणाली.

"लोक काय म्हणतीन?"

"लोकांले मी तिरुपतीहून आली असं सांग," आई म्हणाली. म्हणजे तिला सगळं माहीत होतं.

काकूंनी भावनावहिनीला फोन लावला, कारण रीतिरिवाजांच्या बाबतीत त्या दोघी नेहमी एक असतात. मी शेजारी उभी होते. पण वहिनी म्हणाली, "येऊ द्या त्यांले, काकू. पन्नास वर्षांत एकदा तरी त्यायनं लावलेली जागा त्या स्वतः पाहतीन."

काकू दिव्याजवळ बसल्या. दादानं गाडी काढली. आईनं कपाट उघडलं, मोतिया साडीच्या घडीवर नुसता हात ठेवला, आणि अंगावरच्या साध्या साडीतच निघाली. वाटेत मी म्हणाले, "आई, तिथे केक असेल. हॉटेलवाल्यांना माहीत नाही." आई म्हणाली, "शेखर सांगीन नं." दादा म्हणाला, "काका सांगतीन." आणि आम्ही पोहोचलो.

मला वाटलं होतं, मागच्या जिन्यानं नेऊ. पण भैय्यालालजी दारातच उभे होते. बाजूला हॉटेलचे मालक, सफारीत, हात जोडून. टेबलावर केक, त्यावर गुलाबी साखरेचे दोन राजहंस. वऱ्हाडातल्या बायका हळदीच्या पिवळ्या साड्यांमध्ये जमलेल्या. कोणीतरी सनईची टेप मोठी केली. काका, वहिनी, विशाल, निधी फलकाखाली रांगेत उभे होते, फोटो काढायला थांबल्यासारखे.

"आइए आंटीजी, आइए!" भैय्यालालजींच्या हातात तबक होतं आणि त्यात गुलाबाचे दोन हार. त्यांनी वाकून आईच्या पायांना हात लावला. मालकांनीही लावला. आई त्यांच्या डोक्यावर हात ठेवून राहिली. तिनं फलकाकडे पाहिलं, फुग्यांकडे, फोटोतल्या बाबांकडे.

"अंकलजी कहाँ रह गए?"

"गाड़ी लगा रहे हैं," काका म्हणाले.

"मंदिर में," दादा म्हणाला, आणि त्याच्या हातात गाडीची किल्ली होती.

"बीपी," वहिनी म्हणाली.

भैय्यालालजी मोठ्यानं हसले. मालक हसले. पिवळ्या साड्या हसल्या. "तीन जगह एक साथ! रेल्वे वाले हैं, भाई." त्यांनी तबकातला एक हार उचलून दोन्ही हातांवर पसरला आणि ते दाराकडे तोंड करून उभे राहिले, आत येणाऱ्याच्या गळ्यात घालायला तयार. सगळ्यांनी वाट करून दिली. दार उघडंच होतं. बाहेर एक ट्रक वळत होता, त्याचा उजेड पायऱ्यांवर आला आणि गेला. कोणीतरी टाळ्या वाजवायला हात वर धरले होते.

आणि मी पाहिलं, आईसुद्धा वळली होती. पदर सारखा करून, मान थोडी उंचावून, ती दाराकडे बघत होती.

मी तिच्याजवळ गेले. तिचा हात हातात घेतला. भैय्यालालजींच्या पसरलेल्या हातांवरचा हार मी उचलून तबकात परत ठेवला. ते माझ्याकडे बघू लागले. दिवसभर त्यांच्याशी मी हिंदीत बोलत होते. आता मराठीतच म्हणाले, हळू, पण टेपच्या वरून ऐकू जाईल इतकं.

"ते येणार नाहीत. माझे बाबा वारले."